दरफाळणीचा सण घरबसल्या पाहताना

संपादक महोदय,

मराठवाड्यातून मुंबईच्या किंवा इस्राएलच्या मशिदीतली (बेने इस्राएली, म्हणजे मराठी यहुदी, आपल्या प्रार्थनास्थळाला, सिनेगॉगला, मशीदच म्हणतात) दरफाळणीची, म्हणजे योम किप्पूर या यहुद्यांच्या प्रायश्चित्ताच्या उपासाची प्रार्थना थेट प्रक्षेपणातून पाहणाऱ्यांसाठी थोडं. घोटाळा होतो तो वेळेचा. नांदेडला सूर्य मुंबईपेक्षा साधारण १८ मिनिटं आधी मावळतो. उपास आणि दिवाबत्ती गावच्या सूर्यास्तानेच धरावी. इस्राएलचं घड्याळ तेव्हा अडीच तास मागे, त्यामुळे तिथली कोल निद्रे (सण लागतानाची पहिली प्रार्थना) आपल्याकडे रात्री नऊच्या सुमारास येते.

सण लागल्यावर धार्मिक नियमाप्रमाणे यंत्राला हात लावायचा नसेल, तर प्रक्षेपण आधीच सुरू करून ठेवावं. स्क्रीन बंद होण्याची वेळ 'कधीच नाही' करावी, ऑटोप्ले बंद; नाहीतर प्रार्थना संपताच भलताच व्हिडिओ वाजू लागतो. तरीही 'पुढे पाहायचं का?' असं विचारून यूट्यूब मध्येच थांबू शकतं. लोडशेडिंगसाठी राउटरला छोटा यूपीएस हवाच, कारण बंद पडलेलं पुन्हा लावता येत नाही.

झूमवर शोफारचा (मेंढ्याच्या शिंगाच्या तुतारीचा) लांब सूर गोंगाट समजून कापला जातो. 'ओरिजिनल साउंड' मशिदीकडूनच चालू करावा लागतो, आपल्या बाजूने कितीही आवाज वाढवून उपयोग नाही. आणि पडद्यापलीकडचा माणूस परंपरेनुसार मिन्यानच्या, म्हणजे सामूहिक प्रार्थनेला लागणाऱ्या दहा जणांच्या, मोजणीत धरत नाहीत.

– एक वाचक, नांदेड