हौशी कॅमेऱ्याला वैशाखही हवा

महोदय,
स. न. वि. वि.

पाऊस सुरू झाला की आपल्या अंकात वाचकांनी टिपलेली छायाचित्रे दिसू लागतात आणि त्याच सुमारास कॅमेरे गळ्यात अडकवलेल्या हौशी मंडळींची गर्दी त्र्यंबक रस्त्याला लागते. सोमेश्वरचा धबधबा, ब्रह्मगिरीच्या माथ्यावर टेकलेले ढग, गोदावरीला पूर आला की पाणी दुतोंड्या मारुतीच्या कमरेपर्यंत चढले की छातीपर्यंत, हे पाहायला काठावर जमलेली माणसे, हे सारे मीही दरवर्षी हौसेने टिपतो. मात्र हिवाळ्यातले पक्षी संपले की यातले बहुतेक कॅमेरे थेट पुढच्या आषाढापर्यंत कपाटात जातात, आणि नाशिकच्या परिसरात वर्षातले जे महिने छायाचित्रणाला सर्वांत उदार आहेत त्यांतले दोन असे वाया जातात, ही माझी तक्रार आहे.

आम्ही पाच-सहा जण गेली काही वर्षे महिन्यातून एक रविवार भटकतो. आमच्यापैकी कोणीही यातून कमाई करत नाही. एकाचा कॅमेरा तर दुसऱ्याने वापरून विकलेला आहे. भाद्रपदात अंजनेरीच्या पठारावर तेरडा आणि सोनकी फुलते तेव्हा आम्ही तिथे असतो. तिथल्या कंदीलपुष्पाच्या एका जातीच्या शास्त्रीय नावातच अंजनेरी आहे, इतकी ती या डोंगराची स्वतःची आहे. म्हणून पठारावर आडवे पडून छायाचित्र घेण्यापूर्वी पोटाखाली काय येते आहे ते पाहावे, एवढी विनंती जाता जाता करतो.

पावसाळी फेरीतली एक फजिती नवख्यांच्या उपयोगी पडेल म्हणून सांगतो. गाडीत वातानुकूलन चालू ठेवून त्र्यंबकला गेलो, ढग क्षणभर बाजूला झाला म्हणून घाईघाईने उतरलो, आणि गार पडलेल्या भिंगावर बाहेरच्या दमट हवेचे दव असे धरले की ते विरेपर्यंत डोंगर पुन्हा झाकला गेला. तेव्हापासून शेवटचे काही किलोमीटर आम्ही गाडीच्या काचा उघड्या ठेवतो. थंडीत हेच उलट होते. गारठ्यातून घरी परतल्यावर कॅमेरा अर्धा तास पिशवीतच बंद राहू द्यावा.

हिवाळ्याबद्दल फार लिहीत नाही, कारण त्याला चाहते पुष्कळ आहेत. नांदूर मध्यमेश्वरला २०२० मध्ये रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा जाहीर झाला, तो मिळवणारे ते महाराष्ट्रातले पहिले पाणथळ क्षेत्र ठरले, आणि तेव्हापासून जानेवारीच्या रविवारी तिथल्या मनोऱ्यावर पाय ठेवायला जागा मिळणे कठीण झाले आहे. पाण्यावरचे धुके उठेपर्यंत काहीच दिसत नाही, नुसते आवाज येतात. मग कपाळावर पांढरा टिळा लावलेले काळे वारकरी पक्षी एकेक करून उमटू लागतात आणि त्यांच्यामागे चक्रवाकांची जोडी. उडत्या थव्याच्या हव्यासाने टाळ्या वाजवून पक्षी उठवणाऱ्यांना मात्र हौशी म्हणवण्याचा अधिकार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता वैशाखाकडे येतो. सिन्नरचे गोंदेश्वर मंदिर नाशिकपासून सुमारे ३० किलोमीटरवर आहे आणि त्याची छायाचित्रे आपण सर्वांनीच पाहिली आहेत. ती बहुतेक दक्षिण बाजूची असतात, कारण थंडीत सूर्य दिवसभर दक्षिणेकडे झुकलेला असतो आणि उत्तरेची भिंत सावलीतच राहते. मार्चच्या विषुवदिनापासून सप्टेंबरच्या विषुवदिनापर्यंत सूर्य पूर्वेच्या थोडा उत्तरेला उगवतो. त्यातले पुढचे महिने ढगांचे, म्हणजे उत्तर भिंतीवर सकाळचे ऊन पडलेले पाहायचे तर एप्रिल आणि मे हाच खात्रीचा काळ उरतो. गेल्या मे महिन्यात आम्ही साडेसहाला तिथे होतो. ऊन भिंतीवर समोरून पडत नव्हते, तिला घासून जात होते, आणि काल-परवापर्यंत सपाट वाटलेल्या काळ्या दगडात एका मूर्तीच्या कमरपट्ट्याचा एकेक मणी आपली बारीकशी सावली घेऊन वर आला. बोटभर रुंदीच्या त्या पट्टीसाठी आम्ही पाऊण तास घालवला. तिथे भेटलेले एक गृहस्थ कौतुकाने आणि थोड्या कीवेने म्हणाले, "पाऊस झाल्यावर या की साहेब, आत्ता काय आहे इथं?" नऊनंतर खरोखरच काही नसते, हेही कबूल करतो. मेच्या तिसऱ्या आठवड्यात तर नाशिकमध्ये भर दुपारी माणसाची सावली त्याच्याच पायाखाली जाते. त्या उजेडात देवळाचे आणि माणसाचे, दोघांचेही छायाचित्र बिघडते.

दुसरे उदाहरण द्राक्षबागांचे. घडांनी लगडलेली बाग सर्वांना हवी असते, पण एप्रिलमधल्या खरड छाटणीनंतरची, म्हणजे फळे निघाल्यावर वेल पार मागे छाटतात त्यानंतरची, बाग पाहायला निफाड-दिंडोरीकडे कोणी फिरकत नाही. पानांचा पडदा गेलेला असतो, तारांवर उघड्या तपकिरी ओलांड्या (वेलीचे आडवे पसरवलेले जाड फाटे) ओळीने पसरलेल्या असतात आणि एरवी हिरवळीत लपलेला मांडवाचा सगळा सांगाडा स्वच्छ दिसतो. ताज्या कापातून पाण्यासारखा रस थेंबथेंब गळत असेल तर जवळून टिपणाऱ्या भिंगाला आणखी काय हवे? बागाइतदाराची परवानगी आधी घ्यावी आणि ओलांड्यांना हात लावू नये. आम्हाला तर परवानगीबरोबर चहाही मिळाला, आणि फांदीवरच्या कोणत्या डोळ्यावर (जिथून कोंब फुटतो त्या जागी) काप घ्यायचा याचा धडाही.

आपणास विनंती अशी, की पावसाळी छायाचित्रांसाठी वाचकांना जसे आवाहन करता तसे एकदा एप्रिल-मेसाठीही करावे, आणि प्रत्येक छायाचित्राखाली स्थळाबरोबर महिना व वेळही छापावी. घरट्यांची व दुर्मीळ फुलांची नेमकी जागा मात्र छापू नये. येत्या वैशाखात आम्ही पुन्हा सिन्नरला जाणार आहोत, कारण त्या मूर्तीचा डावा हात गेल्या वेळी शेजारच्या खांबाच्या सावलीत राहून गेला.

आपला,
एक हौशी छायाचित्रकार, नाशिक