वेलर्स म्हणजे एकटा मार्ले नव्हे

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीतील जमैकन गायक बॉब मार्लेवरचा लेख आवडीने वाचला. पण त्याचा बँड 'वेलर्स' त्यात 'मार्लेचे साथीदार' एवढ्या दोन शब्दांत आटोपले आहेत. रेगे या जमैकन संगीतावर मनापासून प्रेम करणाऱ्या माझ्यासारख्याला ते खटकले.

१९६३ च्या सुमारास जमैकाच्या किंग्स्टन शहरातील ट्रेंचटाउन वस्तीत हा गट जमला, तेव्हा त्यात सगळे गाणारेच होते: मार्ले, पीटर टॉश, बनी वेलर, ज्युनियर ब्रेथवेट, बेव्हर्ली केल्सो आणि चेरी स्मिथ. त्यांचे आवाज एकमेकांत बसवून घेतले ते जो हिग्ज या गायकाने. त्यांचे 'सिमर डाउन' हे गाणे जमैकात गाजले, आणि दोन-तीन वर्षांत सहाचे तीनच उरले.

पुढे लेखात ज्यांचे नावही नाही ते बॅरेट बंधू आले. दोघेही आधी ली पेरी या संगीत निर्मात्याकडे वाजवायचे. अ‍ॅस्टन बेस गिटार, कार्लटन ड्रम्स. कार्लटनचा 'वन ड्रॉप' हा ताल जरा कान देऊन ऐका. पहिली मात्रा तो चक्क रिकामी सोडतो आणि ठोका देतो तिसरीवर. त्या रिकाम्या जागेभोवती अ‍ॅस्टनचा बेस संथपणे फिरत राहतो, जणू खरी चाल तीच. मार्लेच्या गाण्यावर आपली मान आपसूक डोलते ती या दोघांमुळे, असे माझे ठाम मत आहे.

१९७४ पर्यंत टॉश आणि बनी बाहेर पडले, नाव 'बॉब मार्ले अँड द वेलर्स' झाले. रिटा मार्ले, मार्शिया ग्रिफिथ्स, ज्युडी मोवॅट मागे गाऊ लागल्या. गिटारवादक बदलले. बॅरेट बंधू मात्र १९८१ मध्ये मार्लेचे निधन होईपर्यंत हलले नाहीत.

१९८७ साली आधी कार्लटनचा आणि काही महिन्यांनी टॉशचा गोळ्या घालून खून झाला. अ‍ॅस्टनने बँड चालू ठेवला. रॉयल्टीसाठी तो लंडनच्या न्यायालयात गेला, पण १९९४ च्या तडजोडीत हक्क सोडलेले असल्याने २००६ मध्ये दावा हरला. कायद्याने ते बरोबर असेलही, मला मात्र तो निकाल आजही बोचतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये अ‍ॅस्टन गेला.

मार्लेवर पुन्हा छापाल तेव्हा छायाचित्र सगळ्या बँडचे घ्यावे आणि खाली प्रत्येकाचे नाव द्यावे, ही विनंती.

– एक वाचक, कोल्हापूर