परदेशी कासवे आणि बेडकांची आयात थांबवा : केंद्रीय पर्यावरण मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री,
केंद्रीय पर्यावरण, वन आणि हवामान बदल मंत्रालय,
भारत सरकार

सप्रेम नमस्कार.

डिसेंबर २०२२ मध्ये संसदेने वन्यजीव (संरक्षण) कायद्यात दुरुस्ती केली आणि त्यात ६२-अ हे नवे कलम आले. देशातल्या वन्यजीवांना किंवा त्यांच्या अधिवासाला धोका ठरणाऱ्या परदेशी आक्रमक प्रजातींची आयात, विक्री, बाळगणूक आणि प्रसार या सगळ्यावर केंद्र सरकार अधिसूचना काढून बंधन किंवा बंदी घालू शकते. हा अधिकार परदेशी कासवे आणि बेडकांसाठी वापरावा, आणि लवकर वापरावा, एवढ्याचसाठी हे पत्र.

लाल कानाचे कासव, म्हणजे विकणारे ज्याला रेड-इअर्ड स्लायडर म्हणतात ते, मूळचे अमेरिकेतल्या मिसिसिपी खोऱ्यातले. विकायला येते तेव्हा ते नाण्याएवढे असते. पुढे त्याची पाठ २५-३० सेंटीमीटरपर्यंत वाढते आणि ते वीस-तीस वर्षे जगते, हे घेणाऱ्याला बहुधा कुणी सांगत नाही. काचेची टाकी पुरेनाशी झाली की त्याची रवानगी जवळच्या तळ्यात होते, आणि सोडणाऱ्याला वाटते, आपण त्याला मोकळे केले. तळ्यात ते जे मिळेल ते खाते, एका हंगामात अनेकदा अंडी घालते आणि ऊन खायच्या जागा बळकावते. कासवाच्या आयुष्यात उन्हाला फार मोल आहे. अंग तापल्याशिवाय त्याला खाल्लेले पचत नाही. पाण्याबाहेर आलेल्या ओंडक्यावरची जागा गेली, तर इथल्या कासवाचे जगणेच अवघड होते.

२०१८ मध्ये गुवाहाटीत उग्रतारा मंदिराच्या तळ्यात हे लाल कानाचे कासव सापडले. आसामातल्या मंदिरांच्या तळ्यांनी काळ्या मऊपाठीच्या कासवाला जगवले आहे. ही प्रजाती २००२ मध्ये निसर्गातून नामशेष झाल्याचे जाहीर झाले होते, तेव्हा ती धर्मस्थळांच्या तळ्यांतच उरली असे मानले जात होते. जिथे असे आसरे आहेत, नेमका तिथेच हा पाहुणा पोचला आहे. केरळात तर पीचीच्या वन संशोधन संस्थेला लोकांकडची ही कासवे गोळा करण्याचे काम हाती घ्यावे लागले.

इथे कायद्यातली एक विसंगती आपल्या नजरेस आणायची आहे. तारांकित कासव किंवा तळ्यातले साधे मऊपाठीचे कासव घरी ठेवणे गुन्हा आहे, आणि ते योग्यच आहे. पण त्यामुळे कासव पाळण्याची हौस परदेशी पिल्लांकडे वळली. चेन्नई आणि तिरुचिरापल्लीच्या विमानतळांवर प्रवाशांच्या सामानातून ही पिल्ले हजारोंनी पकडली गेली आहेत. जी निसटतात ती बाजारात पोचतात आणि उघड विकली जातात, कारण एकदा आत आल्यावर त्यांना कुणी हटकत नाही.

बेडकांचा प्रश्न याहून गंभीर आहे, कारण परदेशी बेडूक एकटा येत नाही. त्याच्या त्वचेवर कायट्रिड ही बेडकांना जीवघेणा त्वचारोग देणारी बुरशी असू शकते. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासानुसार या रोगामुळे उभयचरांच्या किमान ५०१ प्रजाती घटल्या आणि त्यांतल्या ९० नामशेष झाल्या असाव्यात. अमेरिकन बुलफ्रॉग ही बुरशी अंगावर वागवतो, पण स्वतः सहसा आजारी पडत नाही. तो धडधाकट दिसतो, तपासणीतून सुटतो आणि पाण्यात उतरतो. पश्चिम घाटात ही बुरशी आधीच सापडली आहे, मग आता बंदीचा काय उपयोग, असे कुणी आपल्याला सांगेल. उपयोग मोठा आहे. घाटात अजून सामूहिक मृत्यू दिसलेले नाहीत, पण या बुरशीचे अनेक वाण आहेत आणि जगभर संहार घडवणारा वाण त्यांतला एक. दोन वाण एकत्र आले तर त्यांचा संकरही होऊ शकतो. जगात दुसरीकडे कुठेही न आढळणारे कितीतरी बेडूक ज्या घाटात आहेत, तिथे हा धोका पत्करण्यासारखे आहे तरी काय?

बेडूक नव्या जागी गेल्यावर काय होते, ते पाहायला दूर जायला नको. मुख्य भूमीवरचा आपलाच मोठा पिवळा बेडूक अंदमानात पोचला आणि आता तिथल्या बेटांवर पसरत चालला आहे. त्याची पाण्यातली पिल्ले (बेडूकमासे) इतर बेडकांच्या पिल्लांना खातात.

अधिसूचना कशी असावी, यावर थोडे सविस्तर लिहावेसे वाटते, कारण इतरांना इथेच ठेच लागली आहे. युरोपीय संघाने १९९७ मध्ये लाल कानाच्या कासवाची आयात बंद केली. व्यापाऱ्यांनी लगेच त्याच प्रजातीची पिवळ्या पोटाची उपप्रजाती आणि इतर कासवे आणायला सुरुवात केली. अखेर २०१६ मध्ये संपूर्ण प्रजातीच यादीत घालावी लागली. म्हणून एकेका नावामागे धावू नका. परदेशी गोड्या पाण्यातली कासवे आणि परदेशी बेडूक यांची आयात सरसकट बंद करा आणि प्रयोगशाळा, प्राणिसंग्रहालये यांना गरजेनुसार परवाना द्या. अमेरिकेने २०१६ मध्ये नव्या बुरशीच्या भीतीने सॅलॅमँडर या पालीसारख्या दिसणाऱ्या उभयचरांच्या २०१ प्रजातींची आयात एका फटक्यात रोखली होती. रोग देशात शिरण्याची वाट तिथे कुणी पाहिली नाही.

ज्यांच्या घरी आज ही कासवे आहेत त्यांना मात्र गुन्हेगार ठरवू नका. उद्या छापे पडतील अशी नुसती हूल उठली तरी रातोरात टाक्या तळ्यांत रिकाम्या होतील. जपानने जून २०२३ पासून या कासवाची आयात, विक्री आणि बाहेर सोडणे बंद केले, पण घरात असलेले पाळत राहायला मुभा ठेवली. आपणही तेच करावे, आणि ज्यांना ठेवणे झेपत नाही त्यांच्यासाठी प्रत्येक राज्यात वन विभागाचे किमान एक स्वीकार केंद्र उघडावे, जिथे कासव आणून देणाऱ्याला चौकशीचा ससेमिरा लागणार नाही. या केंद्रांची तरतूद अधिसूचनेच्या आधी व्हायला हवी.

विमानतळांवरच्या सीमाशुल्क कर्मचाऱ्यांना पिल्ले ओळखण्याचे प्रशिक्षण आणि पकडलेल्या बेडकांची बुरशीसाठी सक्तीची तपासणी, या दोन गोष्टी अधिसूचनेची वाट न पाहता आजच सुरू करता येतील. मसुदा हरकती-सूचनांसाठी केव्हा प्रसिद्ध होईल, ते आपण जाहीर करावे, ही विनंती.

आपल्या उत्तराच्या प्रतीक्षेत,
एक नागरिक