हर्लिंगची दखल घ्यावी

महोदय,

आयर्लंडच्या हर्लिंग या खेळाविषयी आपल्या क्रीडापानावर क्वचितच काही वाचायला मिळते, म्हणून हा पत्रप्रपंच. अ‍ॅश झाडाच्या लाकडाची, टोकाला पसरट होत जाणारी काठी घेऊन प्रत्येकी 15 खेळाडूंचे दोन संघ चामड्याच्या लहानशा चेंडूसाठी झुंजतात. चेंडू जाळ्यात गेला तर तीन गुण आणि आडव्या दांडीवरून, दोन खांबांच्या मधून गेला तर एक. खरे कौतुक वाटते ते भरधाव पळताना चेंडू काठीच्या पात्यावर तोलून धरण्याच्या आणि पुढच्याच क्षणी तो दूरवरून अचूक टोलवण्याच्या हातोटीचे. (हॉकीशी तुलना करणाऱ्यांनी हा खेळ एकदा पाहावाच.) परगण्यांच्या संघांमधील अखिल-आयर्लंड स्पर्धेच्या 2024 च्या अंतिम सामन्यात क्लेअरने कॉर्कला जादा वेळेत अवघ्या एका गुणाने हरवले; 2025 मध्ये मध्यंतराला सहा गुणांनी पुढे असलेल्या कॉर्कला उत्तरार्धात केवळ दोन गुण मिळाले आणि टिपररीने बाजी मारली. डब्लिनच्या क्रोक पार्कवर 80 हजारांहून अधिक प्रेक्षकांपुढे खेळणारे हे खेळाडू त्यासाठी वेतन घेत नाहीत. एरवी ते शाळेत शिकवतात, शेती करतात किंवा कचेरीत काम करतात.

– एक क्रीडाप्रेमी वाचक