‘सर्व्हर डाउन’ची पाटी आणि दहा मीटरची केबल

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सहकारी बँकेच्या किंवा पतसंस्थेच्या खिडकीवर ‘सर्व्हर डाउन आहे’ अशी पाटी दिसली की खातेदार मुकाट्याने परत फिरतो. शाखांच्या लाइनी आणि राउटर सांभाळण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत, आणि मी पाहिलेल्या बहुतेक प्रसंगी सर्व्हर आपल्या जागी सुखरूप चालू होता. बिघडलेली होती ती शाखेपासून मुख्य कार्यालयापर्यंतची वाट. ही वाट बिघडली की ती शोधण्याची आपल्याकडची पद्धत कशी आहे, याविषयी हे पत्र.

सातारा जिल्ह्यातील आमच्या एका शाखेत अजूनही २ एमबीपीएसची जुनी लीज्ड लाइन, म्हणजे दूरसंचार कंपनीकडून भाड्याने घेतलेली स्वतंत्र लाइन, आहे. दूरसंचार कंपनीचा मोडेम जिन्याखाली आहे, आणि तिथून निघालेली व्ही.३५ प्रकारची जाड केबल भिंतीकडेने शाखाधिकाऱ्यांच्या केबिनमधल्या राउटरच्या सिरियल पोर्टला लागते. वळवाच्या पावसात वीज पडली आणि राउटर बंद पडला. शनिवारी संध्याकाळी नवा बसवला, हिरवे दिवे लागले, इंजिनिअरने मुख्य कार्यालयाला शंभर पिंग (पोच येते का हे पाहणारी चाचणी-पॅकेट) मारून दाखवले, त्यातला एकही चुकला नाही, आणि चहा घेऊन सगळे घरी गेले. सोमवारी अकराच्या सुमारास पेन्शनधारकांची रांग लागली आणि लिंक पडू लागली. ती अर्ध्या-एक मिनिटाने आपोआप उठायची आणि पुन्हा पडायची. पाटी बाहेर आली ती जवळजवळ तीन आठवडे आत गेलीच नाही.

या काळात जे घडले ते या क्षेत्रातल्या कोणालाही तोंडपाठ असेल. दूरसंचार कंपनीने ‘आमची लाइन ओके आहे, तुमच्या एंडला बघा, अर्थिंग तपासा’ असे सांगून दोनदा डॉकेट (तक्रारीची नोंद) बंद केले, कारण त्यांचा माणूस तपासायला आला त्या क्षणी लिंक चालू होती. राउटर पुरवणाऱ्याने एन्कॅप्सुलेशन, म्हणजे लाइनवर माहिती बांधून पाठवण्याची पद्धत, एचडीएलसीवरून पीपीपीवर नेले आणि परत आणले. खरे तर दोन टोकांचे एन्कॅप्सुलेशन जुळत नसते तर लिंक मुळात उभीच राहिली नसती, ती अधूनमधून पडली नसती. मग त्याने राउटरच बदलून दिला, पण त्यातही जवळच्या शाखेच्या नमुन्यावरून उचललेले तेच सेटिंग भरले, आणि दुसरा राउटरही तसाच वागतो म्हणजे दोष लाइनचाच, असा निष्कर्ष सर्वांनी बिनदिक्कत काढला. त्यात मीही होतो, हे कबूल करायला हवे.

माझे डोळे उघडले ते एका साध्या गोष्टीने. राउटर सिरियल पोर्टवर आलेल्या प्रत्येक फ्रेमची, म्हणजे माहितीच्या गठ्ठ्याची, सीआरसी (चूक पकडणारा ताळ्याचा आकडा) तपासतो आणि चुकलेल्या फ्रेम मोजतो. पण तो मोजतो फक्त आत आलेल्या फ्रेम. स्वतः पाठवलेले खराब निघाले तर ते त्याला कळत नाही, ते समोरच्या टोकाला कळते. शाखेतल्या राउटरवर सीआरसीचा आकडा शून्य होता आणि तोच शून्य आम्ही एकमेकांना अभिमानाने दाखवत होतो. मुख्य कार्यालयातल्या राउटरचे जुने आकडे पुसून पुन्हा मोजणी लावली, तर दहा मिनिटांत तिथे चुकांचा ढीग साचला. कॅरिअर ट्रान्झिशनचा (लाइनीचा सिग्नल किती वेळा गेला-आला याचा) आकडा मात्र जागचा हलला नव्हता, म्हणजे वायर तुटत नव्हती, वायरीवरचे बोलणे बिघडत होते. राउटर दर १० सेकंदांनी समोरच्याला कीपअलाइव्ह, म्हणजे ‘मी चालू आहे’ असा निरोप, पाठवतो आणि अशा ओळीने तीन निरोपांची पोच आली नाही की लाइन मेली असे धरतो. लिंक पडायची ती यामुळे. शनिवारचे पिंग का गेले, हेही मग उलगडले. ते १०० बाइटचे होते आणि तेव्हा लाइनवर दुसरी वर्दळ नव्हती. १५०० बाइटच्या पॅकेटमध्ये पंधरापट बिट असतात, त्यामुळे एखादा तरी बिट चुकण्याची शक्यताही जवळपास तितकीच वाढते.

जिन्याखाली टॉर्च धरून बसलो आणि मोडेमवर लोकल लूप दिला, म्हणजे शाखेने पाठवलेले मोडेमपासूनच शाखेकडे परत वळले. इतके दिवस शून्य दाखवणारा आकडा दोन मिनिटांत वर चढू लागला. लूपमध्ये दूरसंचार कंपनीची लाइन नव्हतीच. होता तो राउटर, मोडेम आणि त्यांच्यामधली दहा मीटर केबल.

या लाइनवर एका बिटला सुमारे ४८८ नॅनोसेकंद मिळतात. घड्याळ मोडेम देतो. त्याचा ठोका केबलमधून राउटरपर्यंत जातो, त्या ठोक्यावर राउटर बिट सोडतो आणि तो बिट त्याच केबलने परत येतो. या जाण्यायेण्यात शंभरेक नॅनोसेकंद मोडतात, त्यात दोन्हीकडच्या चिपांचा विलंब मिळतो, आणि मोडेम बिट वाचतो तो नेमका बदलाच्या काठावर. उपाय जुनाच आहे: राउटरमध्ये ट्रान्समिट क्लॉक, म्हणजे बिट सोडण्याचा ठोका, उलटा करायचा, म्हणजे वाचण्याची वेळ अर्ध्या बिटाने सरकते. तो आम्ही केला आणि चुका थांबल्या. मागाहून स्टोअरमध्ये पडलेल्या जुन्या राउटरला दुसरा पॉवर सप्लाय लावून पाहिले, तर त्याच्या सेटिंगमध्ये ही ओळ कोणीतरी पूर्वीच घालून ठेवलेली होती. ती का घातली, याची नोंद मात्र कुठेही नव्हती.

म्हणून बँकांच्या आणि पतसंस्थांच्या संचालकांना विनंती आहे की राउटरच्या देखभाल करारात दोन गोष्टी लिहून घ्याव्यात. प्रत्येक शाखेच्या राउटरचे सेटिंग दर बदलानंतर कारणासह मुख्य कार्यालयात जमा झाले पाहिजे, आणि नवा राउटर बसवल्यावर मोठ्या पॅकेटची चाचणी दोन्ही टोकांचे आकडे पुसून, कामकाजाच्या दिवशी झाली पाहिजे. शनिवारच्या शंभर पिंगांवर बिल मंजूर होऊ नये. दूरसंचार कंपन्यांनीही लिंक त्या क्षणी चालू दिसते एवढ्यावर डॉकेट बंद न करता, ग्राहकाला दोन्ही टोकांचे चुकांचे आकडे विचारावेत. या प्रकरणात त्यांची लाइन निर्दोष होती, आणि ते त्यांना पहिल्याच दिवशी सिद्ध करता आले असते.

आमच्या त्या शाखेतल्या राउटरवर आता पांढरी पट्टी चिकटवली आहे: ‘केबल लांब आहे. ट्रान्समिट क्लॉक उलटा ठेवला आहे. राउटर बदलल्यास तसाच ठेवावा.’

आपला,
सहकारी बँकेतील एक नेटवर्क तंत्रज्ञ, सातारा