बडोद्याच्या घराखालचे पाणी

ब्रिस्बेन,
4 मे 2025

तीर्थस्वरूप काकांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

तुम्ही पुढच्या आठवड्यात साताऱ्याहून बडोद्याला जाणार आहात आणि पाऊस लागण्याआधी खांबांवरच्या मागच्या दोन खोल्यांखालची मोकळी जागा चारही बाजूंनी विटांनी बंद करून घेण्याचे दादाने कडियाशी, म्हणजे तिथल्या गवंड्याशी, जवळजवळ ठरवले आहे, असे काल फोनवर कळले. फोनवर हा विषय नीट बोलता आला नाही, म्हणून सविस्तर लिहिते. त्या खोल्यांखाली शिरणारे पाणी कुठून येते ते आधी शोधावे, त्याला घरापासून लांबच वळवावे आणि खांबांमधली जागा मोकळीच राहू द्यावी, एवढेच माझे म्हणणे आहे. तुमची सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली असल्यामुळे तुम्हाला हे पटवून द्यावे लागणार नाही. दादाला मात्र तुम्हीच सांगा, धाकट्या बहिणीचे तो ऐकत नाही.

इथली जुनी घरे लाकडाची आणि खांबांवर उभी असतात. खालून हवा खेळावी, उताराची जमीन फारशी न खणता घर सपाटीला यावे आणि वाळवीला जमिनीतून थेट वर चढता येऊ नये, हे त्यामागचे हेतू. प्रत्येक खांबाच्या डोक्यावर जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याची टोपी असते. तिने वाळवी मरत नाही. पण वर जायचे तर टोपीच्या कडेला वळसा घालून तिला उघड्यावर मातीची नळी बांधत जावे लागते आणि ती नळी बॅटरी घेऊन खाली उतरलेल्या माणसाच्या नजरेस पडते. ही सगळी व्यवस्था घराखालची जमीन कोरडी आहे असे धरून केलेली आहे. ओल मुरली की हवा खेळूनही फार उपयोग होत नाही आणि वाळवीला हवे तेच आयते मिळते.

फेब्रुवारी 2022 मध्ये या शहरावर तीन दिवसांत 600 मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस पडला. आमचे घर उताराच्या मध्यावर असल्याने नदीचा पूर आमच्यापर्यंत आला नाही, पण वरच्या अंगाच्या परसांतून वाहत आलेले पाणी घराखाली शिरले आणि मधल्या खोलगट भागात साचून राहिले. पुढे बैठकीच्या खोलीतल्या फळ्यांच्या कडा वर उचलल्या गेल्या. फळीचा तळ खालून ओल शोषून फुगतो, वरची बाजू कोरडीच राहते, म्हणून असे होते. आमच्या सुताराने त्या लगेच घासायला साफ नकार दिला, कारण ओल्या फळीच्या उचललेल्या कडा तासल्या तर वाळल्यावर तीच फळी मध्यावर फुगीर दिसू लागते. आधी खालचे पाणी बंद करा, मग फळ्यांचे बघू, असे तो म्हणाला, आणि जमीन कोरडी झाल्यावर बऱ्याच फळ्या आपसूक बसल्या.

बडोद्यात लाकडी तक्तपोशी नाही. पण काळी माती आहे, आणि ती अधिक त्रासदायक. ओली झाली की फुगते, वाळली की आकसून भेगाळते, आणि एका बाजूचे खांब ओल्यात व दुसऱ्या बाजूचे कोरड्यात राहिले की घर वाकडे ओढले जाते. मागच्या खोलीचे दार पावसाळ्यात लागत नाही आणि खिडकीवर तिरकी भेग पडली आहे, असे आई सांगते, त्याचे मूळ बहुधा इथेच असावे. भेग गिलाव्याने बुजवण्यात पैसे घालू नयेत.

आता पाणी येते कुठून, ते पाहावे. माझ्या समजुतीने आपल्याकडे दोन वाटा आहेत. पहिली रस्त्याची. जुने डांबर न खरवडता त्यावरच नवा थर चढवत गेल्यामुळे सोसायटीचा रस्ता आपल्या अंगणापेक्षा उंच झाला आहे, आणि पूर्वी अंगणातून रस्त्यावर जाणारे पाणी आता फाटकातून आत येते. दुसरी वाट छपराची. मागच्या खोल्यांना पन्हळ नसल्याने पागोळ्या थेट खांबांच्या पायथ्याशी पडतात. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. म्हणजे 60 चौरस मीटर छपरावर तासाला 50 मिलिमीटर पाऊस झाला, तर गच्चीवरच्या हजार लिटरच्या तीन टाक्या तासाभरात खांबांपाशी रिकाम्या झाल्या असे समजा. तिसरी शक्यता न्हाणीघराचे सांडपाणी नेणाऱ्या फुटक्या नळाची. ती आत्ताच तपासून घेता येईल, कारण उन्हाळ्यातही खाली ओल असेल तर ती पावसाची नव्हे. मोरीत गेरू कालवलेले बादलीभर पाणी ओतावे आणि खाली कुठे तांबडा ओघळ येतो ते पाहावे.

छपराला पन्हळ लावून उभ्या नळाने पाणी घरापासून दूर सोडणे हे सर्वांत स्वस्त काम आहे, आणि अर्धा प्रश्न त्यानेच सुटेल. मग खोल्यांभोवतीच्या जमिनीला ढाळ द्यावा. इथे घराच्या कडेपासून पहिल्या मीटरात निदान 50 मिलिमीटर उतार ठेवतात. कडिया डोळ्यांनी अंदाज घेईल. तुम्ही मात्र पारदर्शक नळीची पाणसळ लावूनच मापे घ्या. खोल्यांखालचा खोलगट भाग बाहेरच्या जमिनीपेक्षा उंच येईल इतका भरून, थराथराने पाणी शिंपडत धुम्मसने नीट ठोकून घ्यावा. दादा तिथे वाळू टाकू म्हणेल, कारण ती दारात पडून आहे. वाळू टाकू नये, कारण तिच्या पोकळ्यांत पाणी भरते आणि वरून कोरडे दिसत असताना खाली तळे राहते.

रस्त्याचे पाणी अडवायला फाटकाच्या आत आडवा उंचवटा आणि त्याच्या वरच्या अंगाला सिमेंटची उथळ, पसरट पन्हळी करावी. इथे खडीत भोकांचा नळ पुरून त्याभोवती कापड गुंडाळण्याची पद्धत आहे आणि दादाने त्याची चित्रे पाहिली आहेत. ती वाईट नाही, पण अशा नळात शिरते ते त्याच्यापर्यंत झिरपत आलेले पाणी, आणि काळ्या मातीतून पाणी इतके हळू झिरपते की मुसळधार पाऊस वरच्या वरच वाहून घराखाली पोचतो. उघडी पन्हळी झाडूने साफ करता येते, तुंबली तर दिसते, आणि आईलाही कळते. नळ घातलाच, तर छपराचे पाणी त्यात कधीही सोडू नये. नाहीतर जे बाहेर काढायचे तेच आपण भोकांतून जमिनीत घालू. चर खांबांच्या अगदी लगत खणू नये. पायाच्या तळापासून 45 अंशांत खाली उतरणारी रेघ कल्पून चराचा तळ तिच्या वरच ठेवावा, म्हणजे पायाखालची माती ढिली होत नाही.

वळवलेले पाणी सोडायचे कुठे, हे चर खणण्याआधी ठरवावे. मैलागटारात तर नकोच; इथे तशी जोडणी कायद्याने बंद आहे, आणि आपल्याकडे जोराच्या पावसात ती गटारे कशी उलटी वाहतात ते तुम्ही पाहिलेच आहे. शेजाऱ्यांच्या कुंपणाशीही नको. दक्षिणेच्या कोपऱ्यातून पावसाळी नाल्याकडे उतार मिळतो का, ते पाणसळीनेच कळेल. शोषखड्डा करायचाच तर घरापासून लांब करावा, आणि काळ्या मातीचा थर संपून खाली मुरूम लागला तरच.

राहिली विश्वामित्री नदीची गोष्ट. ऑगस्ट 2024 सारखा पूर आला तर यांपैकी कशाचाही उपयोग नाही, हे दादाला स्पष्ट सांगावे. पण त्या वेळी खोल्यांखालची जागा उघडी होती म्हणूनच पाणी जसे आले तसे निघून गेले. भिंत घातली असती तर एका बाजूने पाण्याचा दाब तिच्यावर आला असता, आणि पूर ओसरल्यावर आतला गाळ काढायला माणूस शिरू शकला नसता. भिंतीचा आग्रह खरे तर आईचा आहे, कारण त्या दिवसांत गल्ल्यांतून मगरी पकडून नेल्याच्या बातम्या तिने पाहिल्या आणि तेव्हापासून मागच्या दाराने ती एकटी जात नाही. तिची भीती अनाठायी म्हणता येणार नाही. त्यासाठी खांबांमध्ये लोखंडी जाळी बसवावी. मात्र एका बाजूची जाळी बिजागऱ्यांवर ठेवावी, म्हणजे खाली उतरून पाहता येईल.

पाऊस येईपर्यंत पन्हळ, मोरीची तपासणी आणि फाटकाचा उंचवटा एवढेच उरकेल. भराव आणि ढाळ दिवाळीनंतर, माती वाळल्यावर करावेत. घाईने ओल्या मातीवर कोबा घातला तर तो हमखास फुटतो. खर्चातला माझा वाटा मी दादाच्या खात्यावर पाठवते. पहिला जोराचा पाऊस होईल तेव्हा तुम्ही तिथे असलात तर छत्री घेऊन अर्धा तास मागे उभे राहा आणि पाणी कोणत्या बाजूने आत वळते ते दादाला कागदावर काढायला लावा. पाणसळीची मापेही त्याच कागदावर लिहून त्याचा फोटो मला पाठवा.

काकूंना नमस्कार. आईला सांगा, जाळीचा रंग तीच ठरवील.

तुमची पुतणी