चिनू, ती टेस्ट करून घे

प्रिय चिनू,

काल फोनवर चिडलास म्हणून लिहितेय. बंडूकाकाची अँजिओप्लास्टी नीट झाली, सकाळी उठून चहा मागत होता. 44 म्हणजे काय रे वय आहे? नानाही हृदयाच्या दुखण्यानेच गेले. मी इतकंच विचारलं की लिपिड प्रोफाइल, ती कोलेस्टेरॉलची रक्ततपासणी, केलीस का, तर म्हणालास आई मला शिकवू नकोस.

नाही शिकवत. बोस्टनला जायच्या आधी ओट्यापाशी उभं राहून तूच मला अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावच्या हृदयाच्या अभ्यासाचं सांगितलंस, 1948 साली त्या गावातली 5,209 माणसं घेतली आणि दर दोन वर्षांनी तपासत राहिले, मग त्यांची मुलं, मग नातवंडं, आणि त्यातून कळत गेलं की बीपी, कोलेस्टेरॉल, सिगरेट यांनी अटॅकचा धोका वाढतो. मी ते नववीच्या वर्गाला सांगितलं, माझा मुलगा त्याच विषयात आहे हेही सांगितलं, सांगणारच ना!

पण त्या लोकांनी हात पुढे केला म्हणूनच हे कळलं ना चिनू? तू रक्तवाहिन्यांच्या पेशी डिशमध्ये वाढवतोस, उंदरांच्या धमन्या मायक्रोस्कोपखाली बघतोस, आणि स्वतःचं रक्त द्यायला वेळ नाही? 52 देशांतल्या हार्ट अटॅकच्या त्या इंटरहार्ट अभ्यासात आपल्याकडच्यांना पहिला अटॅक इतरांपेक्षा पाच-सहा वर्षं आधी येताना दिसला, हेही तुझ्याच तोंडून ऐकलंय. रात्री दोनपर्यंत लॅबमध्ये, मग पिझ्झा, झोप नाही, व्यायाम नाही... बघ, लागले परत लेक्चर द्यायला. सॉरी रे.

सातवीत तू खाटकाकडून बकऱ्याचं हृदय आणलं होतंस, आजीने घरात घेऊ दिलं नाही म्हणून मागच्या अंगणात पाटावर ठेवून कापलंस, महाधमनीत बोट घालून ओरडलास, आई केवढी जाड आहे बघ! मला मळमळत होतं तरी बसले तुझ्याजवळ. तेव्हाच वाटलं होतं हा पोरगा काहीतरी करणार. बाबा कुणाला बोलून दाखवत नाहीत पण तुझा पेपर प्रिंट काढून कपाटात ठेवलाय, कळत एक अक्षर नाही.

आणि लायपोप्रोटीन ए पण कर, तो रक्तातला कोलेस्टेरॉल वाहणारा कण, वाढला की अटॅकचा धोका वाढतो तो. त्याचं प्रमाण बहुतांशी जीन्सवर ठरतं, आयुष्यात एकदा तपासलं की बहुतेकांना पुरतं म्हणाला होतास. एकदाच रे. नाना, बंडू, मग पुढे कोण हा विचार रात्री डोक्यातून जात नाही.

मेथीचे लाडू जोशीकाकूंच्या सुनेबरोबर पाठवतेय, ती पुढच्या आठवड्यात निघेल. शनिवारी लॅबला जायच्या आधी उपाशीपोटी रक्त देऊन ये आणि रिपोर्ट आधी मला पाठव, बाबांना नको.

तुझी,
आई